चार रेघा जास्त

लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मालेगावच्या स्टँडवरून वाशीम रोडला लागताना डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती. तिथले चाचा तुम्ही कधी ना कधी असेच उभे असलेले पाहिले असतील. गाडीचा मालक शेजारी उभा राहून सांगत असायचा की आवाज कधीपासून येतो, कोणत्या चढावर येतो, मेव्हण्याने काय सांगितलं. चाचा डोळे न उघडता म्हणायचे, "तू थांब. आधी त्याले बोलू दे."

 मग थोड्या वेळाने चाचा पेचकस खाली घ्यायचे आणि एक बोट वर करायचे, किंवा दोन, किंवा तीन. जितकी बोटं, तितव्या नंबरचं बेअरिंग झिजलेलं. इंजिन उघडल्यावर तेच निघायचं.

त्यांचं नाव मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शेडवरची पाटी उन्हाने पांढरी झाली होती आणि सगळे चाचाच म्हणायचे. बाबा त्यांना मिस्त्री म्हणायचे. मला त्यांच्याबद्दल लिहिता येईल की नाही माहीत नाही, पण जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस वाटत होतं.

बाबांची एक जुनी डिझेल जीप होती. मेडशी ते मालेगाव सीट भरायची. आमचं गाव मेडशीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मी मालेगावला बीएस्सीला होते आणि रोज बाबांच्या शेजारी, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वळवून बसून कॉलेजला जायचे. सीट पूर्ण भरली की बाबा मागे वळून सगळ्यांना ऐकवायचे, "माह्यी पोरगी सायन्सले हाय. तिकडे मशीनवर वाचते ते." मी खिडकीबाहेर बघायचे. एखादी म्हातारी विचारायची, "कायचं मशीन वं?" बाबांना सांगता यायचं नाही. ते म्हणायचे, "असते बारीक."

चाचांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा नीट गेले ती जीपचं ऑइल बदलायला बाबा थांबले होते तेव्हा. भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक तार बांधलेली होती आणि तिच्यात अर्ध्या बांगड्यांसारखे धातूचे तुकडे ओवलेले होते. शेकडो असतील. मी बघत राहिले, तर चाचा म्हणाले, "बेअरिंग हाय ते. मेलेले."

त्यांनी मला समजावलं ते मला आजही पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आठवतं. इंजिनाचा कणा म्हणजे क्रँक. त्याच्या गोल मानांवर या अर्ध्या बांगड्या जोडीने बसतात. मान आणि बांगडी यांच्यात केसाएवढीही जागा नसते, पण जेवढी असते तेवढ्यात तेल फिरतं आणि त्या तेलावरच सगळं चालतं. जागा वाढली की ठोके पडतात. जागा कमी पडली तर तेल शिरत नाही आणि बेअरिंग मानेला धरून बसतं.

"नवं असते तवा राखी रंगाचं असते," एक तुकडा बोटाने पुसत ते म्हणाले. "झिजलं का खालून तांबं दिसते. तांबं दिसलं का समजायचं, आता नुसती इज्जत झाकून चालून राह्यलं."

तारेतल्या प्रत्येक तुकड्यावरून ते गाडी चालवणाऱ्याचा स्वभाव सांगायचे. "हा घाईचा. इंजिन थंडं असलं तरी रेस देते. हा किन्हीराजा गावचा, हा तेल बदलत नाही, नुसतं वरून टाकते. अन् हा…" इथे त्यांनी बाबांकडे पाहिलं. "हा तुह्या बापाचा, चार वर्षांआधीचा. सगळीकडून सारखा घासलेला. भला माणूस हाय, पण सीटा जास्त भरते." बाबा हसले आणि म्हणाले, "तुम्ही काय आरटीओ हाय काय, मिस्त्री?"

तुम्ही त्यांना पैशाबद्दल बोलताना ऐकलं नसेल. जुनी गाडी घेऊन कुणी आला आणि खिशाकडे बघत अडखळला, की चाचा वेगळाच प्रश्न विचारायचे. "किती दिवस चालवायची हाय?" लोक सांगायचे, सोयाबीन निघेपर्यंत. बहिणीचं लग्न होईपर्यंत. विकायची आहे, गिऱ्हाईक येईपर्यंत. चाचा मान हलवायचे आणि तेवढ्याच दिवसांचं काम करायचे. नवा माल तिथेच टाकायचे जिथे त्याच्याशिवाय गत नसायची, बाकी घासून, पुसून, फिरवून बसवायचे. सोयाबीन निघेपर्यंत सांगितलेली गाडी तूरही घरात आणायची, असं लोक म्हणायचे.

मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि त्याच महिन्यात जीपला ठोका लागला. आधी चढावर, मग सपाटीवरही. मागच्या सीटवरच्या बायका म्हणायला लागल्या, "भाऊ, तुही गाडी पापड कुटते काय?" बाबा रेडिओ मोठा करायचे.

शेवटी शेडसमोर जीप लावली. चाचांनी पेचकस कानाला लावला. तीन बोटं वर केली. मग विचारलं, "किती दिवस, डायवर?"

बाबा म्हणाले, "पोरीचं कॉलेज होयपर्यंत. दोन वर्षं."

चाचांनी डोळे उघडले. पेचकस पुसून ठेवला, बसले आणि बिडी काढून तशीच हातात धरली.

"दोन वर्षं लय झाले," ते म्हणाले. "तुह्या क्रँकची मान मी आजवर चारदा अकोल्याहून सोलून आणली. दरवेळी मान बारीक झाली, दरवेळी बेअरिंग जाडं टाकलं. आता आखरी साइज हाय. याच्यापुढचं बेअरिंग बनतच नाही. क्रँक बदल म्हणतो मी."

"क्रँक नाही होत मिस्त्री," बाबा म्हणाले. "दुसरं सांगा काही."

चाचांनी न पेटवलेली बिडी कानामागे खोचली. मग म्हणाले, "इंजिन उतरवत नाही. खालून तेलाचं चेंबर खोलतो. तिसऱ्या मानेचं बेअरिंग नवं टाकतो, त्याच्या पाठीमागं पितळेची पत्री देतो, मान झिजली तेवढी जाड. हा इलाज नाही. एक पावसाळा निघते याच्यात. मंग दुसरा क्रँक पाहू, तवापर्यंत तू जमव."

बाबा म्हणाले, "पावसाळा त पावसाळा."

पत्री किती जाड द्यायची ते मानेच्या मापावर ठरणार होतं. माप घ्यायला चाचांकडे एक मायक्रोमीटर होतं, त्यांच्या उस्तादाचं, लाकडी पेटीतलं. पण त्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजवाही धूसर झाला होता. मायक्रोमीटर उन्हात धरून, जवळ नेऊन, लांब धरून ते बघत होते. बाबा म्हणाले, "मिस्त्री, माह्यी पोरगी वाचते ना. तिचं तेच त काम हाय."

चाचांनी मला हाताने जवळ बोलावलं. "येते काय तुले?"

मला येत होतं. तारेची जाडी, काचेची जाडी, शिशाच्या गोळीचा व्यास, सगळं मी कॉलेजात स्क्रू गेजने, म्हणजे अशाच मायक्रोमीटरने, मोजलेलं होतं. मी ओढणी कमरेला बांधली, गोणपाटावर आडवी होऊन जीपखाली सरकले. वरून तेलाचे थेंब पडत होते. चाचांनी मायक्रोमीटर मानेवर बसवून दिलं आणि टॉर्च धरला. मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. बाहेर येऊन मी मायक्रोमीटर पूर्ण बंद करून बघितलं, कारण आम्हाला तसंच शिकवलं होतं. बंद केल्यावर त्याने शून्य दाखवायला हवं. ते चार रेघा जास्त दाखवत होतं.

ही यंत्राची चूक असते. ती वाचलेल्या मापातून काढून टाकायची असते. मी मनात चार वजा केले आणि उरलेलं माप चाचांना सांगितलं. चार वजा केले हे सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. प्रॅक्टिकलच्या वहीत शेवटी दुरुस्त केलेलाच आकडा लिहितात, तसा मी तो सांगितला. मला वाटलं, त्यांना त्या भानगडीत कशाला पाडायचं.

चाचांनी ओठ हलवत काहीतरी हिशोब केला. "लय झिजली मान," ते हळूच म्हणाले. मग डब्यातून पितळेच्या पातळ पत्र्या काढल्या, एक ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली आणि तिच्याहून जाड घेतली.

सगळं बसवून बोल्ट आवळल्यावर त्यांची एक पद्धत होती. पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, डोळे मिटून. तसं त्यांनी फिरवलं. थांबले. परत फिरवलं.

"लागून राह्यलं," ते म्हणाले. "कुठंतरी धरून राह्यलं." मग माझ्याकडे वळले. "बेटा, बरोबर वाचलं ना तू?"

"हो चाचा. तीनदा वाचलं."

ते खरं होतं.

बाबा म्हणाले, "मिस्त्री, ते कॉलेजचं वाचणं हाय. तिचं चुकत नाही."

चाचांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, जसं एखाद्या जुन्या नोकराकडे पाहावं. "मंग हातच म्हातारा झाला माह्या," ते म्हणाले, आणि चेंबर बंद केलं.

जीप सुरू झाली तेव्हा ठोका नव्हता. बाबांनी वळून माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजपर्यंत त्यांनी प्रत्येक सीटला सांगितलं की गाडीचं माप पोरीने घेतलं.

तीन दिवस गाडी गोड चालली. चौथ्या दिवशी सकाळी मालेगावकडे येताना, पुलाच्या अलीकडच्या चढावर, खालून एक कडकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. बाबांनी उतरून बघितलं. रस्त्यावर काळं तेल पसरत होतं. तिसऱ्या मानेवरचा लोखंडी दांडा तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला होता. कुणाला लागलं नाही. सीटवरची माणसं उतरून लिंबाखाली बसली आणि एसटीची वाट बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "पैसे राहू द्या भाऊ, अर्ध्यात आणलं त काय झालं." बाबा तेलात हात घालून लोखंडाचे तुकडे वेचत होते, जणू जोडता येतील.

चाचा दुपारी मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून आले. वाकून बघितलं. इंजिनाच्या भिंतीला हात घालता येईल एवढं भोक होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ते बाबांना म्हणाले, "चूक माह्यी, डायवर. हात चुकला माह्या."

बाबा तुकडेच वेचत राहिले. पण स्टँडवर बोलले, पुढचे कितीतरी दिवस. मिस्त्रीला दिसत नाही आता, मिस्त्रीनं माझी गाडी बुडवली. त्यांची रोजी गेली होती, ते बोलणारच. जीप भंगारात गेली आणि बाबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जायला लागले. मी एसटीने यायला लागले.

मला कळलं ते पंधरा दिवसांनी, कॉलेजात. शेजारच्या मुलीच्या वहीवर सर लाल पेनने रेघ मारत होते. तिने आधीच दुरुस्त केलेल्या आकड्यातून यंत्राची चूक परत वजा केली होती. सर म्हणाले, "एकदाच काढायची असते. दोनदा काढलीस तर दुसरी चूक तुझी."

मी हातातली तार खाली ठेवली. मला पुलीवरचा तो पाना आठवला. मी प्रॅक्टिकल अर्धं सोडून शेडवर गेले.

चाचा एका मोटरसायकलची क्लचवायर बदलत होते. मी विचारलं, "चाचा, तुमचं मायक्रोमीटर बंद केलं तर शून्यावर येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

"चार जास्त दाखवते ते," ते वर न बघता म्हणाले. "उस्तादाच्या टायमापासून. मी चार काढूनच धरतो."

 त्यांचे हात चालत होते, मग हळूहळू थांबले. त्यांनी मान वर केली.

"तू भी काढले?"

मी मान हलवली.

म्हणजे क्रँकची मान जेवढी झिजली होती त्याहून जास्त झिजलीय असं त्यांना वाटलं. म्हणून पत्री जाड दिली. म्हणून तेलाला जागा उरली नाही. हे सगळं त्यांनाही लगेच समजलं असणार, कारण त्यांनी आपला उजवा तळहात उघडून परत एकदा बघितला. "हात खरं सांगून राह्यला होता," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

मी रडायला लागले. म्हणाले, बाबांना आजच सांगते.

"कोणाले सांगितलं अजून?"

"कोणाला नाही."

"मंग नको सांगू." त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "डायवर साऱ्या गाडीत तुह्यंच सांगत फिरते. माह्यी पोरगी मशीन वाचते. आता गाडी गेली त्याची. तेवढं एकच बोलाले उरलं त्याच्यापाशी. ते भी न्यायचं काय?"

"पण लोक तुम्हाला बोलतात."

"बोलू दे. इंजिन ज्यानं बसवलं, त्याचं असते ते. वाचणाऱ्याचं नसते. हातानं सांगितलं होतं मले, मी आयकलं नाही." मग क्लचवायर बाजूला ठेवून म्हणाले, "चहा घेशील?"

मी चहा घेतला. त्यांचं ऐकलं म्हणून गप्प राहिले, की सुटले म्हणून गप्प राहिले, हे मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही विचाराल तर मला वाटतं, दुसरंच जास्त खरं आहे.

त्यानंतर शेडमध्ये इंजिन आलेलं मी पाहिलं नाही. वाशीम रोडला कॉम्प्युटर लावून गाडी तपासणारं नवं गॅरेज निघालं होतं, लोक तसेही तिकडे गेलेच असते. पण मालेगावात तुम्ही कुणालाही विचारलं असतं तर त्याने जीपचंच कारण सांगितलं असतं. चाचांकडे हॉर्न यायचे, आरसे यायचे, सायलेन्सरला वेल्डिंग यायचं. एसटीची वाट बघताना मला ते समोर दिसायचे. रस्त्याने एखादी गाडी गेली की त्यांची मान किंचित वळायची आणि बोटं मांडीवरून उचलली जायची. एक, किंवा दोन. विचारणारं कुणी नसायचं. बोटं परत खाली जायची.

एकदा मी बाबांना सांगायचा प्रयत्न केला. ते ट्रॅक्टरवरून आले होते, पाठ धरून भिंतीला टेकले होते. मी म्हणाले, "बाबा, जीपचं एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "जीपचं काय आता. तू शीक. तुह्यं चांगलं चाललं हाय ना?" मी म्हणाले, चाललंय.

चाचा या हिवाळ्यात गेले. मला तीन दिवसांनी कळलं, तेही शेडसमोर हातगाडी उभी दिसली म्हणून. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता आणि सामान भंगारवाल्याला देत होता. बेअरिंगांची ती तार खाली उतरवून गोणीत घातली जात होती. मी विचारून ती गोणी पालथी केली आणि आमचं बेअरिंग शोधलं. चाचांनी मला दाखवलेलं, सारखं घासलेलं, सापडलं. शेवटचं, पत्री दिलेलं, त्यांनी ओवलं नव्हतं.

लाकडी पेटी बाकड्यावर पडलेली होती. मी म्हणाले, ही मला देता का. मुलगा म्हणाला, "घेऊन जा ताई. आता कोण वाचणार हाय ते?"

घरी मी पेटी दप्तरातून काढली तेव्हा बाबा ओसरीतच होते. त्यांनी मायक्रोमीटर हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"हे कायचं वं?"

"कॉलेजचं आहे."

"मिस्त्रीकडे होतं असंच." ते थोडा वेळ बघत राहिले. "गेला म्हणे. माणूस वाईट नव्हता. हात चुकला त्याचा." मग त्यांनी ते जपून, दोन्ही हातांनी, माझ्याकडे परत दिलं. "तू त बरोबर वाचलं होतं."

मी हो म्हणाले.